पोलादी गोटीचा जीर्णोद्धार



‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपण सामान्यतः देवालयाच्या, चर्चच्या अथवा एखाद्या जुन्या वाड्याच्या संबंधात वापरतो. आज मी तो एका खेळाच्या यंत्राला लावणार आहे, याचे कदाचित आपणांस नवल वाटेल. परंतु भिंत ढासळलेली असो की यंत्र बंद पडलेले असो, ते पुन्हा उभे करू पाहणाऱ्यापुढे प्रश्न एकच असतो. जुन्यातले काय राखावयाचे, काय बदलावयाचे, आणि बदलता बदलता कोठे थांबावयाचे? हा प्रश्न मला एका पिनबॉल यंत्राच्या दुरुस्तीत फार स्पष्टपणे दिसला. म्हणून आजच्या भाषणासाठी मी हा विषय निवडला आहे.

प्रथम हे यंत्र कसे असते ते सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांनी ते केवळ चित्रपटातच पाहिले असेल. चार उंच पायांवर उभी असलेली एक लांबट लाकडी पेटी डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर काच आहे, आणि काचेखाली खेळणाऱ्याच्या दिशेने किंचित उतरता असा एक रंगीत लाकडी पाट आहे. उजव्या हाताला स्प्रिंगचा दांडा असतो. तो ओढून सोडला की सुमारे २७ मिलिमीटर व्यासाची आणि ८० ग्रॅम वजनाची पोलादी गोटी पाटाच्या माथ्याकडे धावते आणि मग उतारावरून खाली येऊ लागते. वाटेत तिला खुंट्या, रबरी कडी, भोके आणि विजेने झटका देणारे टोपीवजा खांब भेटतात. ज्यावर आदळेल त्याप्रमाणे गुण मिळतात, घंटा वाजते आणि मागच्या उभ्या पेटीवरील आकडे सरकतात. पाटाच्या तळाशी पंखासारख्या दोन हलत्या पट्ट्या असतात. त्यांना फ्लिपर म्हणतात. पेटीच्या दोन्ही बाजूंची बटणे दाबून खेळणारा त्या पट्ट्यांनी गोटी परत वर टोलवतो. टोला चुकला की गोटी दोन पट्ट्यांच्या मधून निसटते आणि डाव संपतो.

या खेळाचा एक गरीब नातेवाईक आपल्या घरांतूनही नांदलेला आहे. खिळे ठोकलेला लाकडी पाट, एका कडेला स्प्रिंगचा दांडा आणि खिळ्यांनी आखलेल्या घरांत पडणाऱ्या काचेच्या वा लोखंडी गोट्या, असे खेळणे जत्रेतल्या दुकानांत मिळत असे. त्याला बॅगाटेल म्हणत. नात्याने हा पिनबॉलचा पूर्वज होय. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये बिलियर्डच्या टेबलापासून हा खेळ निघाला. फ्रेंच भाषेत ‘बॅगाटेल’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘क्षुल्लक गोष्ट’ असा आहे. मूळचा इंग्रज परंतु अमेरिकेत सिनसिनाटी येथे स्थायिक झालेला माँटेग्यू रेडग्रेव्ह याने १८७१ साली या खेळातील सुधारणांचे पेटंट घेतले. लांब काठीने गोटी ढकलण्याऐवजी स्प्रिंगच्या दांड्याने ती उडविण्याची रीत त्यातूनच रूढ झाली.

पुढची हकीकत शिकागो शहराची आहे. १९३१ साली, म्हणजे अमेरिकेतील महामंदीच्या ऐन दिवसांत, शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांनी ‘बॅफल बॉल’ नावाचे, दुकानाच्या फळीवर मावेल एवढे यंत्र बाजारात आणले. एका पेनीत काही क्षणांची करमणूक मिळे. बेकारीच्या त्या काळात माणसांना एवढी स्वस्त करमणूक दुसरीकडे क्वचितच मिळाली असती. १९३३ साली हॅरी विल्यम्स यांनी ‘कॉन्टॅक्ट’ या यंत्रात विजेचा उपयोग केला. भोकात पडलेली गोटी विजेच्या झटक्याने पुन्हा बाहेर येऊ लागली. मात्र या सर्व यंत्रांत फ्लिपर नव्हते. एकदा गोटी उडविली की खेळणाऱ्याच्या हाती पेटीला हलकासा धक्का देण्यापलीकडे फारसे काही उरत नसे.

याच कारणाने या खेळावर संकट आले. गोटी कोठे पडेल हे दैवावर अवलंबून, त्यातच काही ठिकाणी जिंकणाऱ्याला पैसे मिळत. तेव्हा हा जुगारच, असे अनेकांचे मत झाले. न्यूयॉर्कचे महापौर फियोरेल्लो ला गार्डिया यांच्या कारकिर्दीत १९४२ साली तेथे पिनबॉलवर बंदी आली. पोलिसांनी दुकाने धुंडाळून यंत्रे जप्त केली आणि ती घणाने फोडली. खुद्द महापौर यंत्रे फोडीत असल्याची छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. ज्या शिकागोत ही यंत्रे तयार होत, त्या शिकागोतही ती खेळण्यास सत्तरच्या दशकापर्यंत मनाई होती.

बंदीनंतर पाचच वर्षांनी, १९४७ साली, गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रावर हॅरी मॅब्स या रचनाकाराने सहा फ्लिपर बसविले, आणि खेळाचे स्वरूपच पालटले. पुढच्या वर्षी स्टीव्ह कॉर्डेक यांनी जेन्को कंपनीच्या ‘ट्रिपल ॲक्शन’ या यंत्रात दोनच फ्लिपर घेऊन ते पाटाच्या तळाशी बसविले. आजपावेतो चालत आलेली रीत तीच. आता गोटी पडू न देणे हे खेळणाऱ्याच्या नजरेवर आणि बोटांवर अवलंबून राहिले. कायद्याला मात्र हे पटावयास जवळजवळ तीस वर्षे लागली. १९७६ साली न्यूयॉर्कच्या नगरसभेच्या समितीपुढे रॉजर शार्प या तरुण लेखकाने यंत्रावर प्रत्यक्ष खेळून दाखविले. दांडा ओढण्यापूर्वीच त्याने गोटी माथ्यावरील कोणत्या वाटेने जाईल ते सांगितले, आणि गोटी त्याच वाटेने गेली. त्याच वर्षी बंदी उठली.

हा इतिहास थोडा विस्ताराने सांगितला, याला कारण आहे. ज्या वस्तूला समाजाने क्षुल्लक म्हटले, मग पाप म्हटले आणि शेवटी घणाखाली घातले, त्या वस्तूचा जीर्णोद्धार आज अमेरिकेत अनेक गृहस्थ आपल्या घराच्या तळघरात बसून करीत आहेत. त्यासाठी ते आपल्या संध्याकाळी आणि सुट्टीचे दिवस वेचतात. त्यांना त्यात काय सापडते?

याचे उत्तर यंत्राचे पोट उघडल्यावाचून मिळत नाही. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या यंत्रांत संगणक नव्हता. गुण मोजणे, पाळी लक्षात ठेवणे, किती गोट्या शिल्लक आहेत याचा हिशेब राखणे ही सर्व कामे लोखंड, तांबे आणि स्प्रिंगा करीत. तांब्याच्या तारेचे वेटोळे, त्याला कारागीर कॉइल म्हणतात, त्यातून वीज गेली की आतला लोखंडी दट्ट्या खेचला जातो. हा दट्ट्या फ्लिपर हलवितो, घंटा वाजवितो, आकड्यांचे चक्र एक घर पुढे सरकवितो. रिले म्हणजे लहानसा विद्युच्चुंबक. तो ओढला गेला की पितळी पत्त्यांच्या टोकांवरील चांदीचे ठिपके एकमेकांना चिकटतात किंवा सुटतात, आणि विजेला नवी वाट मिळते. तळाशी एक छोटी मोटार काही दातेरी तबकड्या फिरवीत असते. समजा, गोटीने पन्नास गुण मिळविले. यंत्राला पन्नास ही संख्या कळत नाही. मोटारीच्या तबकडीमुळे दहाच्या चक्राला एकामागून एक पाच ठोके बसतात, आणि पन्नास गुण पुरे होतात. तो ‘खट्-खट्-खट्’ असा आवाज म्हणजे यंत्राचे मोठ्याने बेरीज म्हणणेच होय.

त्यातील दोन योजना मी शाळेत विज्ञान शिकविताना मुलांना नेहमी सांगतो. खेळणाऱ्याने पेटी फार जोराने हलविली तर डाव बाद होतो. हे यंत्राला कळते ते साध्या ओळंब्यामुळे. पेटीच्या आत एका धातूच्या कड्याच्या मधोमध ओळंबा टांगलेला असतो. पेटी हलली की तो कड्याला शिवतो, विजेची वाट पुरी होते आणि खेळ थांबतो. गवंड्याच्या हातातील ओळंबा येथे पंच होऊन बसला आहे. दुसरी योजना फ्लिपरची. त्याच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात, एक जाड तारेचे आणि एक पुष्कळ वेढ्यांच्या बारीक तारेचे. बटण दाबताच जाड तारेतून जोराचा प्रवाह जाऊन पट्टी फटकन वर येते. ती पुरी वर येताच एक पत्ती उघडते, आणि प्रवाहाला बारीक तारेतूनही जावे लागते. तेवढा मंद प्रवाह पट्टी नुसती धरून ठेवावयास पुरतो. ही पत्ती वेळेवर उघडली नाही तर कॉइल तापून जळते. उचलावयास फार बळ लागते, धरून ठेवावयास थोडे पुरते. ओझे वाहणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे, आणि रचनाकाराने ते तांब्यात उतरविले आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शिकागोच्या एका उपनगरात माझ्या धाकट्या बहिणीकडे सहा आठवडे राहिलो होतो. माझ्या मेहुण्यांनी शेजारच्या एका दिवंगत गृहस्थाच्या घरून एक बंद पडलेले यंत्र आणले होते. साठच्या दशकातील, एका खेळाडूचे, चार आकडी गुणांचे. मेहुणे, त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा आणि मी असे तिघे त्या कामात होतो. गल्लीच्या टोकाला राहणारे एक निवृत्त कारागीर, ज्यांनी उमेदीच्या काळात दुकानोदुकानी फिरून हीच यंत्रे दुरुस्त केली होती, ते आमचे मार्गदर्शक होते.

त्यांचा पहिला नियम असा की जुने यंत्र घरी आणल्याबरोबर त्याला वीज लावावयाची नाही. मेहुण्यांना ते चालते की नाही हे पाहण्याची उत्कंठा होती, आणि ती स्वाभाविक आहे. पण पन्नास वर्षांच्या यंत्रात कोठे तार उघडी पडली आहे, कोणी कोणता फ्यूज घातला आहे, हे पाहिल्यावाचून वीज सोडणे म्हणजे आग लागण्याचा धोका पत्करणे होय. म्हणून प्रथम प्रत्येक भागाची छायाचित्रे घेतली. काढलेला प्रत्येक स्क्रू निरनिराळ्या डब्यांत, नाव लिहून ठेवला. मग फ्यूज तपासले. एका जागी नेमून दिल्यापेक्षा मोठा फ्यूज बसविलेला होता. तो काढून योग्य तो घातला. फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा फ्यूज घालणे हे आपल्याकडेही सर्रास चालते. फ्यूज जाणे ही दुखण्याची खूण आहे, आणि खूण पुसल्याने दुखणे बरे होत नाही.

पेटीच्या तळाशी दहा सेंटची दोन जुनी नाणी, फुटके दिवे आणि रबराचे वाळलेले तुकडे निघाले. आतल्या फळीवर पेन्सिलीने काही तारखा लिहिलेल्या होत्या. पूर्वीच्या कारागिरांनी आपल्या दुरुस्तीची केलेली ती नोंद होती. आणि एका पाकिटात, घड्यांवर विरलेला, यंत्राच्या विद्युत्‌मार्गांचा मोठा नकाशा सापडला. कारागीर म्हणाले की यंत्रापेक्षा हा कागद जपा. तो वाचता येणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. आम्ही प्रथम त्या नकाशाची प्रत करून घेतली, आणि मूळ कागद कपाटात ठेवला.

पुढचे काम स्वच्छतेचे. पायरी-पायरीने सरकणाऱ्या चक्रांना पूर्वी लावलेले ग्रीस वाळून डिंकासारखे झाले होते, आणि चक्रे जागीच अडकत होती. ती उघडून जुने ग्रीस संपूर्ण काढले, आणि नवे वंगण अगदी नाममात्र, तेही जेथे धातू धातूवर घासतो तेवढ्याच जागी लावले. कॉइलमधील दट्ट्याला तेल लावावयाचे नसते. तेलावर धूळ बसते, आणि धुळीची लापशी होऊन दट्ट्या रुततो. त्याची आतली नळी तेवढी नवी घालावयाची. चांदीच्या ठिपक्यांना काचकागद लावणे हा तर अपराध मानला जातो, कारण त्याने चांदी खरवडली जाते. एक अगदी मऊ कानस हलकेच फिरविली, अथवा स्पिरिटात भिजविलेली जाड कागदाची पट्टी दोन ठिपक्यांमधून ओढली, म्हणजे काम होते. रबरी कडी मात्र सर्व नवी घातली. गोटीही नवी घेतली, कारण जुन्या गोटीवर बारीक खड्डे पडलेले असतात, आणि अशी गोटी पाटाचा रंग कानशीप्रमाणे खाते.

हे सर्व झाल्यावर वीज लावली. दिवे लागले. मुलाने सुरुवातीचे बटण दाबले. आकड्यांची चक्रे टकटक करीत शून्यावर आली आणि खेळ सुरू व्हावयास हवा होता. तो झाला नाही. मोटार फिरतच राहिली.

येथून पुढे दोन दिवस जे चालले त्यात मला या छंदाचे खरे मर्म दिसले. यंत्र बंद पडले की आपला हात आपोआप पकडीकडे जातो. ही पत्ती जरा वाकवून पाहू, तो स्क्रू जरा फिरवून पाहू, असे होते. कारागिरांनी बजावले की कारण सापडेपर्यंत एकही पत्ती वाकवावयाची नाही. जे यंत्र एके काळी दुकानात दिवसभर चालत होते, त्याच्या शेकडो पत्त्या तेव्हा बरोबरच होत्या. आज त्यांतील एखाददुसरीच बिघडली असेल. अंदाजाने दहा पत्त्या वाकविल्या तर एका बिघाडाचे अकरा होतात. त्यांच्या अनुभवाप्रमाणे जुन्या यंत्रांतील निम्मेअधिक दोष काळाने केलेले नसून घाईच्या दुरुस्तीने केलेले असतात.

तेव्हा तो नकाशा टेबलावर पसरला, आणि भाच्याने पेन्सिलीच्या टोकाने विजेची वाट शोधावयास सुरुवात केली. नकाशा सांगत होता की आकड्यांच्या चारही चक्रांच्या बाजूस एकेक लहान पत्ती आहे. चक्र शून्यावर आले की ती उघडते, आणि चारही उघडल्या की मोटार थांबते. चारही चक्रे डोळ्यांना शून्यावर दिसत होती. म्हणजे एक पत्ती उघडल्याचे सोंग करीत होती. कोणती? मुलगा थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “मामा, एकेका पत्तीत कागद घालून बघूया का? ज्या कागदाने मोटार थांबेल, ती चोर.” युक्ती बिनतोड होती. वीज बंद करावयाची, एका पत्तीच्या ठिपक्यांमध्ये कागदाचा तुकडा सरकवावयाचा, वीज लावून पाहावयाचे. एककाच्या चक्रापाशी मोटार थांबली नाही, दहाच्याही नाही. शंभराच्या चक्रापाशी कागद घालताच ती थांबली.

दोष कशात होता? पत्ती वाकली नव्हतीच. पत्त्यांचा तो जुडगा धरून ठेवणारे दोन स्क्रू वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी सैल झाले होते, आणि त्यामुळे पत्ती मिलिमीटरभर सरकली होती. दोन्ही स्क्रू आवळले, आणि यंत्र चालू झाले. अंदाजाने पत्ती वाकविली असती तर तीही तेवढ्यापुरती चालली असती. पण सैल स्क्रू सैलच राहिला असता, आणि महिन्याभराने तोच दोष अधिक गुंतागुंतीचा होऊन परत आला असता.

शिक्षक म्हणून मला जे वाटले ते सांगतो. या मुलाच्या हातात एरवी असणारी सर्व उपकरणे बंद पेटीतली आहेत. ती चालतात तेव्हा का चालतात ते दिसत नाही, आणि बंद पडली की टाकून द्यावी लागतात. येथे मात्र प्रत्येक कार्याचे कारण डोळ्यांना दिसत होते, कानांना ऐकू येत होते आणि बोटाने दाखविता येत होते. विचार करावयाचा, तो पडताळून पाहावयाचा आणि मगच हात लावावयाचा, ही शास्त्राची शिस्त मी वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. ती एखाद्या मुलाने एवढ्या सहजतेने अंगीकारलेली मी क्वचितच पाहिली.

यंत्र चालू झाले आणि मग खरा वाद निघाला. फ्लिपरच्या समोरच्या भागात, जेथून हजारो वेळा गोटी टोलविली गेली होती, तेथील रंग पार उडून तळहाताएवढे लाकूड उघडे पडले होते. मागच्या काचेवरील चित्रही दोन कोपऱ्यांत पोपडे धरीत होते. मेहुण्यांचे म्हणणे असे की एवढे श्रम केले आहेत तर पाट घासून, नव्याने रंगवून, वर चकचकीत रोगण चढवावे. यंत्र कारखान्यातून आल्यासारखे दिसले पाहिजे. कारागिरांना ते मान्य नव्हते. ते म्हणाले की तो झिजलेला भाग ही या यंत्राची जन्मकुंडली आहे. तेथे माणसे खेळली हे तोच सांगतो. शिवाय मूळ रंग एकदा खरवडला की जगातील कोणतेही द्रव्य तो परत आणू शकत नाही. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी खरे होते. रंगाविना उघडे लाकूड गोटीखाली आणखी झिजत जाणार, हेही खोटे नव्हते.

हा वाद माझ्या बहिणीने एका वाक्यात मिटविला. ती म्हणाली, “हे भिंतीला टेकवून शोभेला ठेवायचंय की खेळायचंय, ते आधी ठरवा.” खेळावयाचे होते. मग उत्तर सापडले. पाट खरवडावयाचा नाही. उघड्या लाकडावर प्रथम पारदर्शक लेपाचा थर द्यावयाचा, म्हणजे लाकूड सुरक्षित राहील. त्या थरावर जेथे रंग उडाला आहे तेथेच, मूळ छटेला जुळणारा आणि पुढे कोणाला वाटल्यास पुसता येईल असा रंग भरावयाचा, आणि शेवटी मेण घासावयाचे. राहिलेला पाट जसा आहे तसाच ठेवावयाचा. मागच्या काचेच्या बाबतीत तर आणखी संयम पाळला. ते चित्र काचेच्या मागील बाजूस छापलेले असते, आणि दिव्यांच्या उष्णतेने त्याचा रंग सुटतो. त्या बाजूने ओले फडके फिरविले तर चित्रच फडक्यावर येते. आम्ही तिला हातच लावला नाही. फक्त आतले ४४ क्रमांकाचे दिवे काढून कमी वीज घेणारे ४७ क्रमांकाचे घातले, म्हणजे उष्णता कमी होईल. गेलेला रंग गेला. राहिलेला टिकावा एवढेच आपल्या हाती होते.

त्या दिवशी मला जो नियम उमगला तो असा. जे परत पूर्ववत् करता येते ते आधी करावे. जे परत करता येत नाही त्याला शेवटपर्यंत हात लावू नये, आणि लावलाच तर तो का लावला हे पुढच्या माणसासाठी लिहून ठेवावे. स्क्रू आवळता येतो, पुन्हा सैल करता येतो. रबर बदलता येते. खरवडलेला रंग मात्र परत येत नाही. आमच्या कामाची तारीख आणि टाचणही भाच्याने आतल्या फळीवर, जुन्या तारखांच्या खाली, पेन्सिलीनेच लिहिले.

ज्यांना हा छंद आपल्या देशात करावासा वाटेल त्यांच्यासाठी एक व्यावहारिक सूचना करणे अवश्य आहे. अमेरिकेतील वीज सुमारे ११५ व्होल्टची आणि सेकंदाला ६० आवर्तनांची, तर आपली २३० व्होल्टची आणि ५० आवर्तनांची. तेथील यंत्राला योग्य ट्रान्सफॉर्मरवाचून येथील वीज लावणे म्हणजे ते जाळणे होय. ट्रान्सफॉर्मर लावला तरी आवर्तने बदलत नाहीत, म्हणून मोटार सुमारे एक-षष्ठांश मंद फिरते. यंत्राच्या आतील बहुतेक वीज कमी दाबाची असली तरी काही तारांत घरातील पूर्ण दाबाची वीज असते. म्हणून आत हात घालण्यापूर्वी बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढलाच पाहिजे. मुलांना एकट्याने हे काम करू देऊ नये.

परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला पिनबॉल येणार नाही, हे मी जाणतो. आपल्या माळ्यावर असतो तो आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ, हाताने चावी देण्याचा ग्रामोफोन, भाता फाटलेली पेटी, पायाने चालविण्याचे शिलाई यंत्र. दिवाळीच्या किंवा नाताळच्या साफसफाईत ते भंगारवाल्याच्या तराजूवर चढतात, आणि किलोच्या भावाने जातात. त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते, तिचा भाव कोणी करीत नाही. ती म्हणजे ते यंत्र समजणाऱ्या माणसाचे ज्ञान. आपल्या गावातील जुना रेडिओ दुरुस्त करणारा, मोटारीची वेटोळी हाताने भरणारा वाइंडिंगवाला, पेटीचे सूर कानाने जुळविणारा कारागीर आज सत्तरीच्या घरात आहे. त्याच्या दुकानात शिकाऊ पोरगा बसलेला दिसत नाही. त्याच्याकडे काम गेले तरच त्याला ते कोणाला तरी शिकविता येईल.

म्हणून माझी आपणांस विनंती एवढीच आहे. अशी वस्तू टाकून देण्यापूर्वी एका रविवारी तिचे झाकण उघडा. घरातील मुलाला शेजारी बसवा. तिच्यावर चिकटविलेला नकाशा, आत ठेवलेला कागद, कोणी लिहिलेली तारीख आहे का ते पाहा, आणि तो कागद आधी सांभाळा. गावातील जाणत्या माणसाला बोलावून तो काय सांगतो ते ऐका. घाईने काही वाकवू नका. कदाचित दोष दोन सैल स्क्रूंएवढाच असेल.

फ्रेंच लोकांनी या खेळाला ‘क्षुल्लक’ असे नाव दिले, पुढे कायद्याने त्याला घणाखाली घातले. तरीही ज्यांनी ही यंत्रे रचली त्यांनी ओळंब्यापासून तांब्याच्या तारेपर्यंत प्रत्येक भागात आपली अक्कल प्रामाणिकपणे ओतली होती, आणि ती अक्कल अजून तेथे आहे. ती वाचता येणारा माणूस समोर आला की यंत्र पुन्हा बोलू लागते. वस्तू क्षुल्लक असेल. तिच्यात ओतलेले श्रम क्षुल्लक नसतात, आणि ते पुढच्या पिढीच्या हाती शाबूत पोहोचविणे हेही नाही.